हिलालच्या डोकेदुखीचे मार्क

हिलाल पाटील बावीस वर्षं कडोदऱ्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर आहे. त्या खडखडाटात तोंड चालवून उपयोग नसतो, म्हणून तिथली माणसं हातांनी बोलतात. मूठ वर केली की मशीन बंद, अंगठा ओठांशी नेला की चहा. हिलालला ही भाषा एवढी मानवली की घरी वरणसुद्धा तो बोटानेच मागतो.

आषाढात सायकल घसरली आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. हाड शाबूत राहिलं, मेंदूला मात्र हादरा बसला. हिलालला काळजी एकच. पाच आठवड्यांवर कानबाईचा सण आला होता, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत देवीपुढे नाचायचा मान त्याचा. वर्षभर न बोललेलं सगळं तो तिथे पायांनी बोलून टाकतो.

डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आराम. मग रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. चालताना बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग. डोकेदुखीला दहापैकी मार्क द्या. दोनाच्या वर गेली की थांबायचं."

"साहेब," त्याची बायको शोभाबाई म्हणाली, "हे बसल्याजागीबी बोलत नहीत!"

म्हणून तीही सोबत निघाली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं, गल्लीपासून कालव्यापर्यंत.

"बोला."

"काय बोलू?"

"काहीबी. लगीन झायं तवयपासून सगळं बोलनं बाकी शे."

पहिला आठवडा त्याने कोणतं लूम किती खोडकर आहे तेच सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात वीस मिनिटं झाली, आणि कालव्याजवळ तो म्हणाला, "माले भेंडी आवडत नही."

शोभाबाई जागीच थांबली. "मंग इतला वरीस काबर खाधी?"

"तू इचारंच नही."

मार्क मात्र रोज दोनच. तिसऱ्या आठवड्यात चाल वाढली, तेव्हा बोलणं अडखळलं आणि डावा डोळा बारीक झाला.

"किती?"

"दोन."

"खरं सांगा."

"...पाच. तू नाचू देवाव नहीस."

शोभाबाईने त्याला कालव्याच्या कठड्यावर बसवलं. "लूमवर एक तार तुटना तर मशीन बंद करतस. आनि आठे?" तिने त्याच्या कपाळाला बोट लावलं.

डोकं पूर्ण शांत झाल्यावर, दोन दिवसांनी, चालणं पुन्हा वीस मिनिटांवर आलं. यंदाचा नाच गेला, असं त्याने मनाशी धरलं.

चाळीस मिनिटं भराभर चालणं जमलं, तेव्हा डॉक्टरांनी परवानगी दिली: थोडं नाचा, गर्दीत नको, आणि वाजंत्र्यांपासून लांब.

सोमवारी कानबाई विसर्जनाला निघाली. गल्लीने हिलालसाठी पुढे मोकळी जागा ठेवली. तो नाचला, एक फेरी, दोन फेऱ्या. तिसरीला ढोल चढला, पोरं ओरडू लागली, "हिलालभाऊ, अजून!" शोभाबाई कडेला उभी होती. त्या गलक्यात ओरडून विचारायची सोय नव्हती.

हिलालने तिच्याकडे पाहून तीन बोटं दाखवली. मग मूठ वर केली आणि आपल्या पायांनी बाजूला आला.

ओट्यावर बसल्यावर त्याने नाचणाऱ्यांच्या एकेक चुका सांगायला सुरुवात केली. पाऊण तास सांगत होता.

"आते चूप बसा ना," शोभाबाई म्हणाली.