श्रेणिक मास्तरांचं क्षमेचं कार्ड

श्रेणिक मगदूम मास्तरांनी उभ्या जन्मात कुणाचं वाकडं केलं नव्हतं, आणि असल्या माणसाच्या मागंच जग हात धुऊन लागतं. पलूसजवळच्या खेड्यात राहायचं, सांगलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात एका जुन्या प्राकृत ग्रंथाच्या पोथ्या ताडून त्याची शुद्ध प्रत करायची, एवढाच त्यांचा उद्योग. अकरा वर्षं ते त्या ग्रंथाला चिकटून होते. "माझी सवत ताडपत्राची हाय," असं त्यांची बायको चंदनबाला येईल त्याला सांगायची.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात पोलिसांनी मास्तरांच्या मळ्यातल्या खोपीत अर्जुनाला धरलं. गावचाच अर्जुना भूमिगत होता आणि त्याला खोपीत आसरा दिला होता तो मास्तरांनीच. पोलिसांनी मास्तरांनाही नेलं, पण दोन दिवसांत सोडलं. तिथंच घात झाला. हा सुटतो कसा, यानंच खबर दिली असणार, असं गाव म्हणू लागलं. अर्जुनाचा थोरला भाऊ मानसिंग पलटणीतून आलेला, डोक्यानं गरम. त्यानं भर चावडीत सांगितलं, "पुरावा गावू द्या. मास्तराचं पाय जाग्यावर ठेवत न्हाई."

त्या दिवसापासून मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. सांगलीला पळावं तर मानसिंगाचे सोबती तिथंही होते. अशात त्यांना कळलं की नागपूरची एक संस्था गावात जिवाला धोका असलेल्या अभ्यासकांना वर्षभर राहायला जागा आणि वृत्ती देते. त्यांनी अर्ज मागवला. त्यात एक रकाना होता: धोका कोणापासून? त्या रकान्यापाशी मास्तर तीन दिवस अडून बसले. एका माणसाला वैरी म्हणून कागदावर मांडायचं, हे त्यांच्या हाताला होईना. हसावं की रडावं अशी तऱ्हा!

"आवं, ल्ह्या की नाव," चंदनबाला कळवळून म्हणाली. "पाय गेल्यावर ल्हिणार हाय व्हय?"

त्यांनी मानसिंगाचं नाव लिहिलं. श्रावणात उत्तर आलं: आपली निवड करण्याचे योजिले आहे, दसऱ्याआधीच्या बैठकीत कायम करू. मास्तरांनी पोथ्या कापडात बांधल्या. कितीतरी दिवसांनी त्या रात्री त्यांना झोप लागली.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं पर्व झालं आणि क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणूस वर्षभराच्या चुकांची सगळ्यांकडं माफी मागतो. गावात तोंडी, परगावी कार्डानं. मास्तर दरसाल सोयऱ्याधायऱ्यांना कार्डं टाकायचे. यंदा तो रकाना त्यांचं मन खात होता. म्हणून त्यांनी दोन कार्डं जास्त लिहिली. एक नागपूरच्या चिटणिसांना, दुसरं मानसिंगाला; तो गावातलाच, पण त्याच्यासमोर जायचं धाडस मास्तरांना नव्हतं. मजकूर नेहमीचाच: "कळत-नकळत माझ्या हातून आपला अपराध घडला असेल, तर क्षमा करावी. माझे कोणाशीही वैर नाही." कार्डं पेटीत पडली आणि मास्तरांना हलकं वाटलं. शहाणा माणूस किती वेडा असू शकतो!

दसऱ्याला चार दिवस उरले असताना नागपूरचं पत्र आलं. "आपल्या कार्डावरून तंटा मिटल्याचे समजले. आनंद वाटला. आपली जागा दुसऱ्या गरजू अभ्यासकास दिली आहे."

मास्तरांनी पत्र चारदा वाचलं. मग घाईनं दौत ओढली आणि लिहायला बसले, की ते कार्ड म्हणजे आमचा रिवाज आहे, धोका होता तसाच आहे. पण पत्र पोचायला चार दिवस जाणार. सांगलीला जाऊन तारच करावी म्हणून ते उठले, तोच त्यांच्या मळ्यातला गडी केरबा धापा टाकत सोप्यात आला.

"मास्तर, मानसिंग आलाय," तो म्हणाला. मानसिंग महिनाभर फलटणला बहिणीकडं होता. "त्याच्या घरी तुमचं कार्ड येऊन पडलं हुतं. चावडीत वाचून घेतलं त्यानं. म्हंतोय, बगा, सोताच्या हातानं ल्हिऊन दिलंय, अपराध घडला म्हून. लय माणूस गोळा झालंय. इकडंच येत्यात."

 मास्तर म्हणाले, "अरं, ते सगळ्यांनाच लिहितात, केरबा! आमच्यात दरसाल लिहितात. तू तरी सांग त्यांना!"

केरबानं मान खाली घातली. मास्तरांच्या मळ्यात राबायला लागून त्याला चौदा वर्षं झाली होती.

"मला तर कवाच कार्ड आलं न्हाई, आन् तोंडानं बी कवा म्हणाला न्हाईसा, मास्तर," तो म्हणाला.

मास्तरांनी चंदनबालेकडं बघितलं. केरबा पायरी उतरून गेला, आणि तिनं दाराला आतून कडी घातली.