सांधेमास्तर

माळीकामाच्या शाळेत त्याला सगळे सांधेमास्तर म्हणत. नवा आलेला एखादा पोक्त माळी त्याला गुडघेदुखीवर औषधही विचारून जाई. पण मास्तरचे सांधे शब्दांचे. झाडांची ती लांबलचक ग्रीक नावं! बोकड सांध्यावर तोडावा, भलतीकडं घाव घातला की हाडाचा चुरा होतो. नावाचंही तसंच. सांधा आला की मास्तर टेबलावर पट्टी आपटी. "ऱ्होडो," टक्, "डेंड्रॉन! गुलाब, झाड!" मागून सगळा वर्ग ओरडे.

खोली बिनखिडकीची. बाग भिंतीपलीकडं, नळी सुटली की पाण्याचा आवाज ऐकू येई. मास्तर आला होता कलमं बांधायला. आधीचा शिकवणारा आजारी पडला म्हणून चार दिवस इथं बसवला, तो बसलाच. पोरीचं लग्न झालं, टक्कल पडलं, नखात माती काही शिरली नाही.

"तोंडात सगळं रान, आणि घरच्या कुंडीत वाळकी काडी!" बायको म्हणे.

निवृत्ती जवळ आली तेव्हा शाळेच्या मोठ्या बाईंनी शब्द दिला, "या नव्या बाईंना तयार करा. माझ्यासमोर त्यांनी एकटीनं वर्ग घेतला, की निवृत्तीपर्यंत तुम्ही बागेत. मध्ये तोंड घालायचं नाही हं!"

त्या सकाळी मास्तर जुने बूट घालून, खिशात कलमाचा चाकू टाकून मागच्या बाकावर बसला. नवी बाई झकास चालली होती. मग आलं क्लेरोडेंड्रम.

"क्ले..." ती थांबली.

अर्धा तुटलेला शब्द लोंबकळत राहिला. मास्तरला तो बघवेना. हाताशी पट्टी नव्हती, चाकूची मूठच बाकावर बसली. "क्लेरो," टक्, "डेंड्रम! नशीब, झाड!"

वर्ग सवयीनं ओरडला.

"अहो मास्तर, येत होतं मला!" नवी बाई कळवळली. "श्वास घेत होते नुसती."

मोठ्या बाई उठल्या. "पोरं तुमच्याच तालावर चालतात, मास्तर. खोली तुम्हीच सांभाळा. बागेत हात हवेतच, तिकडं या जातील."

घरी बायकोनं बिनमातीचे बूट पाहिले. "उचलली जीभ, लावली टाळ्याला?"

तो बूट काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडं नळी सुटली. नवी बाई कुणाला तरी झाडाचं नाव सांगत होती. बरोबर सांध्यावर मोडत होती. मास्तरनं पट्टी आपटली.