कार्ड नंबर दोनशे बारा

लिनवुड पीबल्स कॅन्सस सिटीच्या पोस्टात पत्रं लावायचा आणि घरी येऊन लोकांचे खोकले लावायचा. जॅझच्या जलशात कुणी रेडिओ दुरुस्तीवाला यंत्र मांडून जागच्या जागी तबकडी कोरायचा, तसल्या तबकड्या लिनवुड शोधून आणायचा आणि एकेकीचं कार्ड लिहायचा. हॉल कुठला, साल कुठलं, कोण काय वाजवतंय. श्रोत्यांत खोकला फार असेल तर हिवाळा. पंखा घरघरत असेल तर जुलै. अशी तीनशे कार्डं बुटांच्या खोक्यांत होती आणि बूट पलंगाखाली उघडे पडले होते.

"आमच्या लग्नाची तारीख विचारा त्याला," त्याची बायको व्हर्नेल चर्चमधल्या बायकांना सांगे. "खोकून दाखवल्याशिवाय सांगायचा नाही."

कार्ड नंबर दोनशे बाराची तबकडी बेचाळीस सालची. एरवी तबकड्या ॲल्युमिनियमच्या, पण तेव्हा युद्धात ते सगळं विमानांना जायचं, म्हणून काचेवर काळा मुलामा देऊन केलेली. तिच्यावरचा सॅक्सोफोन लेम्युएल स्टोक्सचा आहे, असं लिनवुडनं संग्राहकांच्या पत्रिकेत ठणकावून छापलं. पत्रिकेचे वर्गणीदार एकेचाळीस. लेम त्याच वर्षी सैन्यात गेला आणि इटलीत मेला. त्याचं वाजवणं दुसरीकडे कुठंच उरलेलं नव्हतं.

बातमी चर्चपर्यंत पोचली आणि रविवारी प्रार्थना आटोपून लेमची आई, जिला सगळे मानानं मिस आर्डेलिया म्हणत, रताळ्याची गोड पेस्ट्री घेऊन दारात उभी राहिली. पोराचं काही ऐकून तिला दहा वर्षं झाली होती.

तबकडीचा मुलामा काचेवरून पापुद्र्यांनी सुटत होता आणि सुई टेकली की आणखी निघायचा. गुरुवारी शिकागोहून एक गृहस्थ ती उतरवून घ्यायला टेपचं यंत्र घेऊन येणार होते. तोवर तबकडीला हात लावायचा नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"एकदाच हं, मिस आर्डेलिया."

त्यानं निवडुंगाच्या काट्याची सुई बसवली आणि सुरुवातीची बडबड सोडून थेट गाण्यावर टेकवली. तबकडी झिजवायची ती संगीतासाठी, गप्पांसाठी नाही, हा संग्राहक मंडळींचा नेम.

सॅक्सोफोन सुरू झाला. मिस आर्डेलियानं डोळे मिटले. मग उघडले.

"हा माझा लेम नाही."

"नीट ऐका ना. वरचा सूर कसा धरलाय बघा."

"म्हणून तर सांगते. एवढा दम कुठून आणायचा त्यानं? जिना चढला की खुर्ची शोधायचा."

"पण मी छापलंय!"

"तू छापलंस. जन्म मी दिला."

व्हर्नेल भिंतीकडे तोंड करून हसत होती. वळून बघते तर म्हातारी पर्समध्ये रुमाल शोधतेय आणि तो काही हाताला लागत नाही. व्हर्नेलचं हसू गेलं.

"सुरुवातीला काय आहे रे?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"काही नाही. वादकांची बडबड."

"लाव."

"अगं, मुलामा सुटतोय..."

"मिस्टर पीबल्स," व्हर्नेल म्हणाली. चिडली की ती त्याला अशीच हाक मारे. "लाव."

त्यानं लावली. खरखर झाली, कुणीतरी पियानोवर एक सूर ठोकला, आणि अगदी जवळून एक आवाज आला.

"आई आलीय का रे? दारावर लक्ष ठेव. ती दिसली की ही बाटली तुझी."

"आणि नाही आली तर?"

"तर माझी. आणि पहिलं गाणं तूच वाजव. मला ही संपवायचीय."

"मेल्या!" मिस आर्डेलिया ओरडली. "दारू सोडली म्हणून माझ्यासमोर बायबलवर हात ठेवला होतास!"

ती इतकी हसली की टोपी डोळ्यावर आली. ती तिनं तशीच राहू दिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पाय सुजले होते गं माझे त्या दिवशी. नाही गेले मी."

मग ती लिनवुडकडे वळली.

"लाव पुन्हा."

लिनवुडनं सुईकडे पाहिलं. काळे बारीक धागे तिला चिकटले होते. त्यानं दुसरा काटा काढला, टोक करून घेतलं आणि सुई अगदी पहिल्या रेघेवर ठेवली. मग आणखी एकदा. चौथ्या खेपेला म्हातारीनं त्याचा हात धरला आणि गाणं पुढं चालू दिलं.

"हा कोण मग?"

"माहीत नाही," लिनवुड म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून व्हर्नेल पहिल्यांदाच ऐकत होती.

"बरा वाजवतो. त्याच्या आईला शोध," मिस आर्डेलिया म्हणाली, आणि पेस्ट्रीचा तुकडा उचलला.

लिनवुडनं कार्ड काढून सॅक्सोफोनपुढचं नाव खोडलं. मग पेन्सिल दाताखाली धरून विचारलं, "कुठली बाटली होती, काही सांगता येईल?"