शरभाचा मागचा पाय

देवळातला मकर दाखवा नाहीतर कॅलेंडरवरचा उडता घोडा, ड्रेसरनानांचा प्रश्न एकच: "ह्ये चालंल कसं?" जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून उभी हयात गेलेली. पुढं हत्ती, मागं मासा, म्हणजे मकर बिचारा जमिनीवर पोट घासतच जाणार. घोड्याला पंख हलवायचे तर छाती बैलाच्या दुप्पट हवी. हे ते इतक्या काळजीनं सांगत, की उद्या तो घोडा दवाखान्यात येणार आहे असं वाटावं.

वेल्ह्याजवळच्या आमच्या गावात जत्रेला शरभाचं सोंग निघतं. सिंहाचं अंग, खांद्याला पंख, आत दोन माणसं. मी मागचे पाय. नानांनी पंधरा दिवस आमचा घाम काढला. पंखांचा भार पुढं, म्हणून रेटा मागच्यानंच द्यायचा, म्हणत. इकडं माझं पोलीस भरतीचं ग्राउंड आठवड्यावर आलेलं, आणि पळून पळून डावी नडगी ठणकायला लागलेली. पण सांगतोय कुणाला! घरच्यांनी पळणंच बंद केलं असतं.

जत्रेत नाना सोंगाच्या बाजूनं चालत होते. देवळापाशी त्यांनी हलगी थांबवली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "जनावर मागल्या डाव्यावर भार घेत न्हाई. पोराला पळू देऊ नका, हाड जाईल."

एक्स-रेत काहीच निघालं नाही. तरी वडिलांनी नानांचंच ऐकलं आणि भरती हुकली. मी नानांच्या दारात जाऊन नको ते बोललो. तुमी गुरांचं बघा, माणसांच्यात नाक खुपसू नका, इथवर बोललो. ते माझ्या पायाकडं बघत राहिले.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढला, त्यात हाडाला चीर दिसली. पळाला असतास तर नडगीचे दोन तुकडे झाले असते, डॉक्टर म्हणाले. नाना तोवर लेकीकडं वरव्याला राहायला गेले होते. मीच सांगतो त्यांना, असं मी वडिलांना म्हटलं आणि सांगितलं नाही. गुर्मी, दुसरं काय?

पुढच्या भरतीत मी पोलिसात लागलो. त्याच वर्षी नाना गेले. दहाव्याला गेलो, तर त्यांच्या लेकीनं मला ओळखलं.

"तूच का रं मागल्या पायाचा? नाना शेवटपतूर इचारत हुते, पोराचं नुकसान तर न्हाई ना केलं म्या?"

मी तिला चिरेचं सांगितलं.

ती म्हणाली, "एक फोन करायचा हुतास."