कुलपाचं चित्र

पहिली कुजबुज म्हणे औषधाच्या दुकानापुढे झाली. "रक्त तपासायला शेजारी जाता? जा बापडे. पण त्या रिपोर्टबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, एवढं लक्षात असू द्या."

आता बाईंची बाजू घ्यायची तर आधी एक कबूल करावं लागेल, की त्यांच्या तोंडात खरोखरच तीळ भिजत नसे. शेजारणीचा नवा फ्रिज टेम्पोतून उतरायच्या आत त्याचा रंग गल्लीत पोचलेला असायचा, आणि तो बाईंनीच पोचवलेला असायचा. नणंदेने केस कापले तेव्हा तर तिच्या आधी तिचे केसच सासरी पोचले.

पण रिपोर्ट? तिथे बाई मुक्या. लॅबमधल्या काचेच्या खिडकीमागे बसून त्यांनी आख्ख्या वस्तीचं रक्त वाचलं होतं, आणि त्यातलं एक अक्षर कधी बाहेर पडलं नव्हतं. सख्ख्या जावेला थायरॉइड निघालं, तरी बाई तिच्या मांडीला मांडी लावून जेवल्या आणि फ्रिजबद्दल बोलल्या. पुढे जावेने स्वतःहून सांगितलं, तर "अगंबाई, हो का?" असं इतकं सुरेख दचकल्या की जाऊच त्यांना धीर देत बसली. चहाटळपणा हा बाईंचा शौक होता. रिपोर्ट ही त्यांची अब्रू होती.

म्हणून त्या सकाळी शाळेच्या बसचा चालक खिडकीशी येऊन ओरडला, तेव्हा बाईंच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली.

"बाई, माझी साखर माझ्या बायकोच्या आधी बसथांब्याला कळली! शाळेने बस काढून घेतली माझी. पोटावर पाय दिलात तुम्ही माझ्या!"

"मी? मी कुणाला..."

"मग काय रक्त चालत गेलं थांब्यावर?"

बाकांवरच्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. कुणी बाईंच्या बाजूने चकार शब्द काढला नाही. ज्यांना बाईंनी वर्षानुवर्षं हात धरून सुईपर्यंत नेलं, तेही नाहीत.

मालकांनी बाईंना आत बोलावलं. मालक डॉक्टर माणूस, आवाज मऊ, निर्णय टणक. "महिनाअखेरीपर्यंत या. पुढे दुसरं कुणी बघतो."

"पुरावा काय, साहेब?"

"लोक बोलतात."

"लोक तर तुमच्याबद्दलही बोलतात. मी तुम्हाला काढलं का?"

शेजारी मालकांचा जावई बसला होता. लॅबची वेबसाइट याच्याच कर्तबगारीची. तो म्हणाला, "साइटवरून फुटणं शक्यच नाही. कुलूप आहे तिला. मी स्वतः लावलंय."

आणि कुलूप होतं, हेही खरं! रिपोर्टचं पान उघडलं की मधोमध पिवळंधमक, कणसाएवढं कुलूप, खाली लिहिलेलं: आपली माहिती सुरक्षित. ते पान उघडायचं मात्र रडतखडत. आधी कुलूप यायचं, मग मालकांचा फोटो, मग एक चक्र गोल फिरत राहायचं, आणि रिपोर्ट सगळ्यांत शेवटी, आला तर. वर पत्त्याच्या पट्टीत बारीक अक्षरांत 'सुरक्षित नाही' असं दिसायचं. लोक त्याला बिचकत, म्हणून जावयाने खिडकीवर पाटी लावली होती: घाबरू नये, पुढे जा दाबावे. बाई ते रोज गोड आवाजात सांगायच्या. "पुढे जा दाबा हो, काही होत नाही."

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या त्या भांडी आपटतच. नणंद पाहुणी आली होती. कुठल्याशा मोठ्या कचेरीत कॉम्प्युटरांचं एकमेकांशी बोलणं सांभाळायची तिची नोकरी. ते काय असतं, हे बाईंनी कधी विचारलं नव्हतं.

"वन्सं, तुम्हाला तरी वाटतं का, मी सांगितलं असेल?"

नणंदेने प्रामाणिकपणे विचार केला, हेच बाईंना जास्त लागलं. "वहिनी, माझ्या केसांचं तुम्ही..."

"केस वेगळे, रक्त वेगळं!" बाई कडाडल्या. "केस सगळ्यांना दिसतात. रक्त माणूस मला विश्वासाने देतो!"

 नणंदेने फोनवर लॅबची साइट उघडली, आणि पाहता पाहता तिचा चेहरा लाल झाला. "हे कुलूप? अहो, हे चित्र आहे! दारावर कुलूप रंगवलंय आणि दार सताड उघडं! वरती सुरक्षित नाही म्हणून ते ओरडतंय, आणि तुम्ही लोकांना पुढे जा म्हणता?"

"मला काय माहीत? जावयाने सांगितलं."

"तुमच्याकडे रक्ताची बाटली कशी जाते?"

"झाकण घट्ट. वर नावाची चिठ्ठी. ज्याची त्यालाच."

"तुमचा रिपोर्ट बिनझाकणाचा जातो. वाटेत ज्याच्या हातून जाईल तो वाचेल, वाटलं तर बदलेलही. दोन कॉम्प्युटरांची बोलायची ठरलेली रीत असते, तिला प्रोटोकॉल म्हणतात. तुमच्या साइटची रीत आजोबांच्या काळातली. एक बाटली, म्हणजे पानाचा एक तुकडा, पोचवायची, परत यायचं, मग दुसरी उचलायची. नव्या रीतीत सगळ्या बाटल्या एकदम निघतात. एक फुटली तर तेवढीच पुन्हा मागवतात, बाकीच्या तिच्यासाठी खोळंबत नाहीत. रुग्ण या बाकावरून त्या बाकावर बसला, म्हणजे फोन वायफाय सोडून मोबाइलच्या जाळ्यावर गेला, तर त्याला पुन्हा नाव विचारत नाहीत. आणि झाकण लावल्याशिवाय बाटली हलतच नाही."

"आणि ही रीत महाग असेल."

"झाकण फुकट मिळतं, वहिनी. लावायचा आळस!"

बाईंना एकदम आठवलं. "वन्सं, आमच्या बाकांवर लोक ज्या वायफायवर रिपोर्ट उघडतात ना, ते शेजारच्या औषधवाल्याचं आहे. साहेबांनीच घेतलंय त्याच्याकडून."

"औषधवाला!" दोघी एकदमच म्हणाल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं असावं.

दुसऱ्या दिवशी नणंद थेट मालकांच्या खोलीत गेली. तिच्या सांगण्यावरून मालकांनी तिच्या नावाचा एक खोटा रिपोर्ट स्वतःच्या हाताने केला. त्यात काय लिहिलं ते बाईंनाही सांगितलं नाही. नणंदेने तो बाकावर बसून त्या वायफायवर उघडला, पुढे जा दाबलं, आणि मालकांना सोबत घेऊन शेजारी डोकेदुखीची गोळी घ्यायला गेली. मालक पेस्टच्या खोक्यांआड उभे राहिले.

बिलासाठी औषधवाल्याने नाव विचारलं. नाव ऐकताच त्याचा सूर मायेचा झाला. "ताई, डोकं पोटामुळे दुखतंय. जंतांवरच्या गोळ्या देऊ का? लाजू नका हो, मोठ्या माणसांनाही होतात जंत."

खोक्यांचा मनोरा कोसळला आणि मालक प्रकट झाले.

औषधवाला शरमेल म्हणता? छे! "माझ्या दुकानातून जातंय ते, उघडं नागडं. मी काय डोळ्यांवर पट्टी बांधू? गिऱ्हाइकाला काय लागेल ते आधी कळलं तर सेवाच होते ना!" बसवाल्याची साखरही यानेच गल्ल्यावर बसून चघळली होती. आणि लोक विचारू लागले, याला कसं कळतं, तेव्हा रिपोर्टबाईंचं नाव पुढे केलं होतं.

नणंदेने परत येऊन हे सांगितलं, तेव्हा बाई काचेमागून उठून मालकांच्या खोलीत गेल्या. मालक म्हणाले, "झालं गेलं विसरा. वायफाय बंद करतो. तुम्ही या नेहमीसारख्या."

"नेहमीसारखी? मला सगळ्यांदेखत चोर ठरवलं, आणि खरं खोलीचं दार लावून सांगता? आधी ही पाटी काढा. जावईबापू, ते चित्र पुसा माझ्यासमोर. साइटला खरं झाकण लावा. वन्सं बघतील, लावलं की नाही. मग बाहेर चला आणि सांगा."

"अहो, लॅबचं नाव जाईल."

"माझं गेलं तेव्हा बरं चाललं होतं?"

नणंदेने जावयाच्या मानगुटीवर बसून काम करून घेतलं. पान आता डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडू लागलं. बाईंनी बोलावलेल्या बसवाल्याने आपला रिपोर्ट दारातून रस्त्यापर्यंत चालत उघडून पाहिला. लॅबचं नवं वायफाय सुटलं, मोबाइलचं जाळं लागलं, तरी पान अडखळलं नाही. "चांगलंय," तो म्हणाला. "माझी बस देता येते का त्यावरून?"  बाई उठल्या आणि मालकांना म्हणाल्या, "बाहेर चला, साहेब. आणि हे झालं की बसवाल्याबरोबर शाळेतही जायचंय."

बाक भरलेले होते. मालक उभे राहिले, घसा खाकरला, काहीतरी पुटपुटले.

"मोठ्याने," बाई म्हणाल्या.

मालकांनी मोठ्याने सांगितलं. रिपोर्ट उघडे जात होते. शेजारचा दुकानदार ते वाचत होता. बाईंनी कुणालाही काहीही सांगितलं नव्हतं.