कोनाड्यासमोरची आई

माझी आई देवीशी भांडायची. खरोखरची भांडायची, कंबरेवर हात ठेवून. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत भिंतीतल्या कोनाड्यात देवीचा तांब्याचा टाक होता. दूध नासलं, चूल धुमसली, वडलांची औषधाच्या कारखान्यातली पाळी चुकली, की आई कोनाड्यासमोर उभी. "झालं का समाधान तुझं?" मला भारी गंमत वाटायची. घरातलं सगळं वाईट त्या एवढ्याशा टाकाच्या माथी. अशा भांडखोर आईवर माझा फार जीव होता.

माझी धाकटी बहीण तापानं गेली, तेव्हा मात्र ती भांडली नाही. "देवीनं न्हेली," एवढंच म्हणाली. त्यानंतर पोरीचा विषय घरात कुणी काढला नाही.

पुढं आमच्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. सगळ्यांबरोबर आम्हीही टाक पवना नदीत सोडला आणि कोनाड्यात बुद्धाची तसबीर आली. दुसऱ्याच दिवशी आई सवयीनं करपलेली भाकरी घेऊन तिथं गेली, कंबरेवर हात ठेवले आणि थबकली.

"ह्यो तर डोळे मिटून बसलाय. ह्याला काय बोलायचं?" मग जरा वेळानं, "जाऊ द्या. भाकर मीच करपवली."

वडील हसून हसून बेजार झाले. आईही हसली, पण मी पाहिलं, ती बराच वेळ तिथंच उभी होती.

त्याच वर्षी माझ्या लहान भावाला ताप भरला. तसाच, उतरायचं नाव न घेणारा. शेजारी राहणारी आत्या, वडलांची थोरली बहीण, धावत आली. तिनंही आमच्याबरोबरच दीक्षा घेतली होती, पण आपला टाक पिठाच्या डब्यात लपवून ठेवला होता.

"देवी कोपली गं! टाक आणते माझा, अंगारा लाव पोराला."

आई कोनाड्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता भांडणार.

"वन्सं, पोरीला देवीनं न्हाई न्हेली," ती म्हणाली. "तिला ताप हुता, आन मी अंगाऱ्याच्या भरवशावर बसले."

आईला इतकं हळू बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं. तिनं भावाला गोधडीत गुंडाळलं, पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि आम्ही पुण्याची गाडी धरली.

सरकारी दवाखान्यातून भाऊ बरा होऊन घरी आला. आत्यानं त्याच्यावरून बोटं मोडली. "बुद्धानं राखलं बाई!"

"न्हाई वन्सं, सुईनं राखलं," असं म्हणत आईनं त्याला खाली ठेवलं, भिंतीला टेकली आणि रडू लागली. पोरीचं नाव घेऊन. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. "तिलाबी न्हेलं असतं तर," एवढंच पुन्हा पुन्हा.

वडील नुकतेच कामावरून आले होते. ते आईजवळ खाली बसले.

"तू एकटी न्हाईस," ते म्हणाले. "मी रोज औषधाची खोकी उचलत हुतो. आन पोरीसाठी येताना अंगारा आणला."

आईचं रडणं थांबलं नाही. ती फक्त थोडी सरकली आणि त्यांना भिंतीशी टेकायला जागा करून दिली.