चौथा तुकडा

दुपार टळटळीत आहे आणि धुरपदाचे डोळे मिटतायत. बोरीच्या बुडाशी ती जरा पाठ टेकायला म्हणून बसलीय. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, मग तिला बोल तरी कोण लावणार? पुढ्यात एकशेवीस मेंढरं माना टाकून उभी आहेत. आयांना पान्हा नाही, कोकरं कोरडी आचळं ओढून ओढून थकलीत. पाच आठवडे पावसाचा टिपूस नाही. माळाचे तीन तुकडे मुळापर्यंत खरडून झालेत. चौथ्यात तेवढं गुडघाभर गवत आहे, त्याला तुरा आलाय, पण दाणा अजून दुधात आहे. तिचा नवरा म्हाकू दरसाल एक तुकडा असा राखायचा. बी गळून मातीत पडल्याशिवाय तिथं मेंढरू घालायचं नाही, नाहीतर पुढच्या साली नुसती धूळ. म्हाकूला जाऊन अकरा महिने झाले. दीर हैबती सकाळपासून मागं लागलाय, चौथा उघडा म्हणून. दिवस मावळायच्या आत सांगते, असं ती म्हणालीय खरी. सांगणार काय, कपाळ?

डोळा लागतो न लागतो तोच शेजारी कुणीतरी बसतं. बिडीचा वास येतो.

"लई वाळलीस," म्हाकू म्हणतो.

"तुमाला काय, तुमी सुटला."

"ऊठ. रान बघू."

ती उठते तर पायाखाली फरशी आहे, तालुक्याच्या एसटी स्टँडची. बाकांच्या मधून गवत उगवलंय. चौकशीच्या खिडकीतून मेंढरं आत-बाहेर करतायत आणि कुणाला त्याचं काही नाही. म्हाकू एक तुरा चिमटतो, दाणा नखानं फोडतो. पांढरं दूध येतं.

"कच्चं हाय."

"कच्चं तर कच्चं. आज मेंढरं सोडते. तुमी फकस्त हो म्हणा."

"न्हाई."

"काल सात कोकरं पुरली मी. ह्या हातांनी. दिसलं न्हाई व्हय तुमाला?"

"दिसलं."

धुरपदा त्याचे पाय धरते. उभ्या जन्मात कुठल्या भांडणात तिनं असं केलं नव्हतं. "पुढच्या सालाचं पुढं बघू. आधी ही तर जगू द्या."

ती मान वर करते तेव्हा ते आपल्या स्वयंपाकघरात आहेत. चूल आणि दार यांच्यामध्ये एकशेवीसच्या एकशेवीस मेंढरं मावलीत.

"ह्यो माळ साठच मेंढरं पोसंल एवढा हाय, धुरपा," म्हाकू म्हणतो. "मला ठावं हुतं. म्हाकूचा कळप केवढा मोठा, आसं लोकांनी म्हणावं म्हणून मी एक मेंढी इकली न्हाई. चुकलं माजं."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला जाते. बावीस वर्षं गवताचे धडे देत बसलेला हा माणूस!

"मेल्यावर सांगताय व्हय ह्ये?"

"जित्तेपणी जीभ उचलली न्हाई. साठांना बाभळीचा पाला पुरंल दसऱ्यापतूर. तवर बी गळंल."

त्याच्या ओंजळीत कालवलेली काव आहे, बाजाराला न्यायच्या जनावरावर खूण करतात ती लाल माती. तो तिचा पंजा त्यात बुडवतो आणि एकेका मेंढीच्या पाठीवर टेकवतो. ही न्यायची. हीपण. शेवटी ठिपकी येते. या मेंढीची आई मेली तेव्हा धुरपदानं तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेलं. धुरपदा हात मागं ओढते.

"हिला न्हाई."

"हिचं दात झिजल्यात. हिला पोसशील आन् तरण्याताठ्या मरतील."

"म्हातारी तर मीबी झाले."

"तुला कोण इकतंय?" म्हाकू म्हणतो, पण हसत नाही. "टेकव हात."

"वैनी!"

हैबती समोर उभा आहे. सावली सरकून ऊन तिच्या पायांवर आलंय. "उघडू का चौथा?"

धुरपदाचा उजवा तळहात लाल आहे, अजून ओला. घरात काव नाही, माळावर नाही. ती पदराला हात पुसते. पदर लाल होतो, हात तसाच.

"चौथ्याकडं फिरकायचं न्हाई. टेम्पो बोलवा. निम्मी बाजारात जातील."

"निम्मी? दादा आसता तर त्यानं—"

"बोलवा म्हनलं ना."

ती ठिपकीला हाक मारते. सवयीनं ठिपकी ओ देत येते, कपाळ तिच्या मांडीला घासते. धुरपदा तिच्या पाठीवर पंजा टेकवते आणि दिरासमोर, काही न झाकता, ढसाढसा रडते.